हाडं बघणारी सून

"दिवसभर तू करतीस तरी काय गं तिथं?"

आत्तींनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला, तेव्हा निपाणीहून आमच्याकडे कायमच्या राहायला येऊन त्यांना आठवडा झाला होता. आमच्याकडे सासूबाईंना आत्ती म्हणतात. मी नुकतीच कामावरून आले होते आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा पीत होते. त्या लसूण सोलत होत्या.

"हाडं बघते, आत्ती."

"कुणाची?"

"उंदराची."

त्यांचा हात थांबला. "गणपतीच्या वाहनाची? आणि त्याचा पगार देतात व्हय तुला?"

त्या दिवसापासून घरात माझ्या नोकरीची चेष्टा सुरू झाली. भाजीवालीला, वॉचमनला, शेजारच्या तमिळ मावशींना आत्ती आपल्या निपाणीकडच्या कन्नडमध्ये सांगायच्या, की माझी सून हाडं बघते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचं ते 'री' ऐकून बंगळूरुची भाजीवाली हसायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त द्यायची. सोळा वर्षं इथं राहून मला जे जमलं नाही, ते त्यांनी पंधरा दिवसांत केलं. अख्खी सोसायटी त्यांना अज्जी म्हणून ओळखायला लागली.

आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. १९७८ मध्ये 'केओनिक्स' या सरकारी कंपनीनं कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या जमिनीवर ही वसाहत उभी करायला घेतली. आता इथं काचेच्या इमारती आहेत आणि होसूर रस्त्यावरून उड्डाणपूल जातो. बाहेरच्यांना वाटतं, इथं सगळे संगणकावरच काम करतात. माझा नवरा करतोही. पण याच फेज वनमध्ये बायोटेक पार्क आहे. तिथं इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स अँड अप्लाइड बायोटेक्नॉलॉजी ही शिक्षणसंस्था आहे, नव्या कंपन्यांना जागा आणि यंत्रं देणारं बंगळूरु बायोइनोव्हेशन सेंटर आहे. आसपास लहानमोठ्या प्रयोगशाळाही आहेत. तशाच एका प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे. कोल्हापूरला प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं, मग लॅबचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन इकडे आले.

माझं मुख्य काम म्हणजे हाडांच्या चकत्या करणं. हाड कडक असतं, म्हणून आधी ते ईडीटीए नावाच्या द्रावणात ठेवायचं. हे द्रव्य हाडातलं कॅल्शियम हळूहळू ओढून घेतं. उंदराच्या पायाच्या हाडालाही त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात. मग हाड रबरासारखं मऊ होतं. ते मेणात बसवून मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याच्या चकत्या काढायच्या. एक चकती साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. ती काचेवर घ्यायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

हे काम मला आवडतं. पण त्याची एक अडचण पहिल्यापासून मनात होती. घराची एकच वीट बघून घरात किती खोल्या आहेत, जिना कुठून वर जातो, हे कसं कळणार? चकतीत रक्तवाहिनी दिसते ती एका ठिपक्यासारखी. ती कुठून आली, पुढे कुठे गेली, हे शेजारच्या शेकडो चकत्या ओळीनं जुळवल्याशिवाय समजत नाही. आणि एखादी चकती फाटली, दुमडली, की रस्ता तिथंच तुटतो.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या वरिष्ठ मॅडमनी एक नवं काम हाती घेतलं. त्या म्हणाल्या, "आता हाड कापायचं नाही. अख्खं ठेवायचं आणि आरपार दिसेल असं करायचं."

मला आधी ते खरं वाटेना. मॅडमनी मला समजावून सांगितलं आणि घरी येऊन मी ते माझ्या लेकीला समजावलं. त्या दिवशी पाऊस होता, कांदाभजी तळली होती. भजी काढून ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर तेलाचे डाग पडले होते. मी तो कागद ट्यूबलाइटसमोर धरला. जिथं तेल होतं तिथून उजेड आरपार येत होता आणि मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

"कागद तोच आहे ना?" मी विचारलं. "मग तेलानं काय केलं?"

कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं असतं आणि तंतूंच्या मध्ये हवा असते. उजेड हवेतून तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत जाताना दर वेळी थोडा वाकतो आणि विखुरतो. हजारो वेळा असं झालं, की उजेड पलीकडे पोचतच नाही आणि कागद पांढरा दिसतो. पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो, त्याचा एक आकडा असतो. त्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा १, पाण्याचा १.३३. तेलाचा आकडा कागदाच्या तंतूच्या आकड्याजवळ जातो. तेल हवेची जागा घेतं आणि उजेडाला वाकायचं कारणच उरत नाही. तो सरळ पलीकडे जातो.

हाडाचंही तसंच आहे. त्यात पाणी आहे, चरबी आहे, प्रथिनं आहेत, कॅल्शियमचे क्षार आहेत. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून हाड पांढरं आणि अपारदर्शक. आधी अल्कोहोलमध्ये टप्प्याटप्प्यानं ठेवून त्यातलं पाणी काढायचं. मग सगळ्या घटकांच्या मध्यावर ज्याचा आकडा येतो अशा द्रवात ते बुडवायचं. काही पद्धतींत कॅल्शियमही आधी काढून टाकतात, काहींत ते तसंच राहू देतात. रक्ताचा तांबूस रंग घालवावा लागतो, नाहीतर तो उजेड शोषून घेतो. आम्ही जो द्रव वापरतो त्याचं नाव एथिल सिनामेट. त्याचा आकडा १.५६ च्या आसपास आहे. खाद्यपदार्थांना आणि अत्तरांना वास देण्यासाठीही ते वापरतात. त्याला दालचिनीची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. लॅबमधून मी घरी आले की लेक म्हणते, "आज आईला केकचा वास येतोय."

ही कल्पना आजची नाही. जर्मनीत लाइपझिगमध्ये वेर्नर श्पाल्टेहोल्त्स नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९११ मध्ये माणसाचे अवयव पारदर्शक करण्याची पद्धत जाहीर केली. ते वापरत त्या तेलांपैकी एक होतं मिथाइल सॅलिसिलेट. नाव अवघड वाटलं तरी वास तुमच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे ज्याला गंधपुऱ्याचं तेल म्हणतात, त्यात मुख्यतः हेच असतं. कंबर धरली, गुडघा दुखला, की आपण जो बाम चोळतो, त्याचा तो झोंबणारा वास बहुतेक वेळा याचाच. या वासाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

माझी पहिली बॅच मी जवळजवळ घालवलीच होती. हाडं द्रवात घातली आणि सोळा वर्षांच्या सवयीनं बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. लॅबमध्ये काहीही जपायचं असलं की हात आपोआप फ्रिजकडे जातो. सकाळी बघते तर बाटल्यांत पांढरा दगड! मला रडूच आलं. मॅडम आल्या, त्यांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "थंडीत खोबरेल तेलाचं काय होतं तुमच्या गावी?" एथिल सिनामेट सात-आठ अंशांच्या खाली गोठतं, हे मला माहीतच नव्हतं. बाटल्या टेबलावर ठेवल्या. दुपारपर्यंत द्रव पुन्हा पातळ झाला.

आणि मग मला बाटलीत हाड सापडेना. खरोखर सापडेना. चहा-पावडरीसारखा दिसणारा एक फिकट पिवळा द्रव आणि त्यात काहीच नाही. बाटली तिरकी केली तेव्हा उजेडात एक कड चमकली. उंदराची नडगी होती ती. साबुदाणा भिजवलेला पांढराशुभ्र असतो आणि शिजला की काचेसारखा होतो. हाडाचं असं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

अशा हाडाकडे बघण्यासाठी सूक्ष्मदर्शकही वेगळा लागतो. निपाणीच्या जुन्या कौलारू घरात दुपारी छतातून कवडसा यायचा आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे. बाकी खोलीतही धूळ असतेच, पण ती दिसते फक्त उजेडाच्या त्या पट्ट्यात. या यंत्रात लेझरचा असाच एक पातळ पडदा हाडातून आडवा जातो आणि कॅमेरा समोरून फक्त तेवढ्याच थराचा फोटो घेतो. मग पडदा किंचित सरकतो, पुढचा फोटो. असे शेकडो फोटो संगणक एकावर एक रचतो आणि पडद्यावर अख्खं हाड उभं राहतं. ते फिरवा, आत शिरा, पलीकडून बाहेर या. रक्तवाहिन्यांना आधीच चमकणारा रंग लावलेला असतो. त्यामुळे हाड दिसत नाही, फक्त त्यातली रक्ताची वाट दिसते. सुरीचा एकही वार न करता.

याच मार्गानं २०१९ मध्ये एक मोठी गोष्ट कळली. जर्मनीतल्या एसेनच्या विद्यापीठात आनिका ग्रूनेबोम, मथियास गुंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची हाडं एथिल सिनामेटनं पारदर्शक केली. आपण पुस्तकात शिकलो होतो, की लांब हाडात रक्त काही मोजक्या वाटांनीच आत-बाहेर करतं. त्यांना दिसलं, की हाडाच्या कडक भिंतीतून आडव्या जाणाऱ्या शेकडो अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत. त्यांच्या हिशेबानं उंदराच्या हाडात धमन्यांचं ८० टक्क्यांहून जास्त आणि शिरांचं ५९ टक्के रक्त याच वाटांनी वाहतं. आपत्कालीन उपचारात शीर सापडली नाही तर डॉक्टर हाडात सुई घालून औषध देतात आणि ते पटकन रक्तात पोचतं. डॉक्टर वर्षानुवर्षं हे करत आले होते, पण ते इतकं पटकन कसं पोचतं याचं उत्तर तेव्हा नीट कळलं.

मला या बातमीत सगळ्यात जास्त भावलं ते हे, की त्या वाहिन्या काही लपलेल्या नव्हत्या. चकत्यांमध्ये त्यांचे ठिपके माझ्यासारख्या कितीतरी टेक्निशियननी पाहिले असतील. पाहिले होते, पण ओळखले नव्हते.

हे वाक्य मी तेव्हा सहज म्हणून गेले. ते माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं.

२०२४ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी अचानक पाऊस आला. आत्ती वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या. बाल्कनीच्या दाराला चार बोटं उंचीचा उंबरठा आहे. परत येताना त्यावर पाय अडखळला आणि त्या बसल्याच. पडल्या असंही म्हणता येणार नाही, इतक्या हळू. मी धावले. त्यांच्या हातातले कपडे तसेच होते, एकही जमिनीवर पडला नव्हता. "काय न्हाई गं, उठतो मी," म्हणाल्या. पण उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. मी हाडांमध्ये काम करते. बघता क्षणी मला कळलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग काढून त्या जागी धातूचा गोल बसवला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आले. नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते तशी स्टीलच्या ट्रेमध्ये त्यांनी काढलेला भाग आणला होता. नवऱ्यानं तोंड फिरवलं. मी पुढे झाले.

गोल बाजू गुळगुळीत होती, मोत्यासारखी. मोडलेल्या बाजूनं आतलं जाळीदार हाड उघडं पडलं होतं. निरोगी हाडात ही जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दाट असते. आत्तींच्या हाडात ती विरळ होती. मध्ये मोठमोठी भगदाडं आणि त्यांत पिवळी चरबी. वाळवी लागलेलं लाकूड मोडल्यावर दिसतं तसं.

ही जाळी मी ओळखत होते. गेली दोन वर्षं रोज बघत होते. आमच्याकडे जे काम चाललं होतं, त्यात काही उंदरांच्या माद्यांच्या बीजग्रंथी काढलेल्या असतात. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात जे होतं, त्याची ती नक्कल. हाड ही जिवंत गोष्ट आहे. त्यात हाड खाणाऱ्या पेशी असतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी असतात आणि दोघींचं काम जन्मभर चालू असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि खाणं बांधण्याच्या पुढे जातं. जाळी विरळ होत जाते. उंदराच्या बाबतीत हे मला आकड्यांत सांगता आलं असतं.

"यांची उंची अलीकडे कमी झाली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी गप्प राहिले. कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते मला त्या क्षणीच माहीत झालं होतं.

माझ्या लग्नाच्या फोटोत आत्ती माझ्यापेक्षा बोटभर उंच आहेत. आता त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं माझ्या भुवईशी यायचं. इथं आल्यावर वर्षभरात त्यांनी दोनदा म्हटलं होतं, "हल्ली साड्या लांब काढाय लागल्यात काय? खाली लोळतीया." मी हसून म्हटलं होतं, "आत्ती, नेसताना वर खोचा." वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा त्या आधी स्वतः काढायच्या, मग लेकीला हाक मारायला लागल्या. पाठीला थोडा बाक आला होता. त्यांनी तारुण्यात निपाणीत वर्षानुवर्षं मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या होत्या. त्यामुळे पाठ वाकणारच, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. शिवाय म्हातारं माणूस वाकतंच, असं त्या स्वतःही म्हणायच्या.

खरं कारण डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं. पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूनं चेपले होते. मणका असा चेपतो तेव्हा बऱ्याचदा पडण्याचंही निमित्त लागत नाही, फारसं दुखतही नाही. दुखलंच तर माणूस बाम चोळतं. आत्ती रोज रात्री पाठीला बाम चोळायच्या. तोच वास, गंधपुऱ्याच्या तेलाचा. शंभर वर्षांपूर्वी श्पाल्टेहोल्त्स यांनी ज्यानं अवयव आरपार दिसतील असे केले, ते तेल माझ्या घरात रोज रात्री एका मोडलेल्या मणक्यावर चोळलं जात होतं. आणि शेजारच्या खोलीत मी लॅपटॉपवर उंदरांच्या मणक्यांचे फोटो लावून घेत होते.

पाहिलं होतं, पण ओळखलं नव्हतं.

ट्रेमधलं ते हाड मागून घ्यावं, लॅबमध्ये न्यावं आणि पारदर्शक करून बघावं, असं माझ्या मनात येऊन गेलं हे मी कबूल करते. अर्थात तसं करता येत नाही. काढलेला अवयव हा वैद्यकीय कचरा असतो, तो ठरलेल्या पिवळ्या पिशवीतच जातो. अभ्यासासाठी हवा असेल तर रुग्णाची संमती आणि नीतिसमितीची परवानगी आधी लागते. आणि उंदराच्या काडीएवढ्या नडगीवर जे साधतं, ते माणसाच्या लिंबाएवढ्या हाडावर सहज साधत नाही. पण ते बघून मला काय कळणार होतं? जे कळायला हवं होतं, ते साडीच्या लोळणाऱ्या काठावर लिहिलेलं होतं.

आत्ती दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. पुढे डेक्सा ही तपासणी झाली. कमी तीव्रतेच्या क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, काही टोचत नाही. निकाल टी-स्कोअर नावाच्या आकड्यात येतो. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आत्तींचा उणे ३.४ होता. ही तपासणी आधी केली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला, ते मोजलेलं नाही.

डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. ती गोळी हाड खाणाऱ्या पेशींना रोखते. पण तिचे नियम कडक. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास ना आडवं व्हायचं, ना काही खायचं-प्यायचं. चहासुद्धा नाही. दर रविवारी तो अर्धा तास आमच्या घरातला सगळ्यात लांब अर्धा तास असतो. आत्ती घड्याळासमोर खुर्ची ओढून ताठ बसतात आणि दर पाच मिनिटांनी म्हणतात, "झाला गं अर्धा तास. तुझं घड्याळ मागं हाय."

खाण्यात फार काही बदलावं लागलं नाही, फक्त ठरवून करावं लागलं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपल्याकडची आयसीएमआरची शिफारस सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. बंगळूरुत नाचणीला तोटा नाही. आत्तींनी शेजारणीकडून रागी मुद्दे करायला शिकून घेतले. नाचणीची भाकरी, दूध, दही, तीळ, पालेभाजी आणि सकाळी बाल्कनीत ऊन. उंबरठ्यावर आम्ही उतरती लाकडी पट्टी बसवली. बाथरूममध्ये धरायला दांडा लावला.

एका रविवारी, गोळीनंतरचा तो अर्धा तास घालवायला, मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. मॅडमच्या परवानगीनं मी आमच्या एका हाडाचा व्हिडिओ आणला होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचं झाड हळूहळू फिरत होतं. मधे जाड खोड आणि त्यातून चहूबाजूंना भिंतीकडे जाणाऱ्या बारीक फांद्या.

"हे हाड?" आत्तींनी विचारलं.

"हाडातल्या रक्तवाहिन्या. हाड आम्ही आरपार दिसेल असं केलंय, म्हणून ते दिसत नाही."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विडीचं पान बी असंच असतंय. तेंदूचं पान वाळल्यावर हातात धरलं की मोडतंय. पाण्यात भिजत घातलं, की मऊ होतंय. मग उजेडाकडं धरायचं, शिरा दिसत्यात. जाड शीर कुठं हाय ते बघून पत्र्याचं माप ठेवायचं आन कात्रीनं कापायचं. न बघता कापलं तर विडी उकलती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मॅडमनी मला समजावताना जे सांगितलं होतं, त्यातलं निम्मं त्यांनी एका दमात सांगितलं होतं. कडक वस्तूच्या आत बघायचं तर आधी ती भिजवायची, मग उजेडाकडे धरायची.

"जित्या माणसाचं असं करता येत न्हाई का?" त्यांनी विचारलं. "मग डॉक्टरला कापाय नको."

नाही येत. हाड असं पारदर्शक करता येतं ते जीव गेल्यावरच. जिवंत माणसासाठी एक्स-रे, डेक्सा, एमआरआय आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी खाण्याच्या पिवळ्या रंगाचं द्रावण जिवंत उंदराच्या त्वचेला चोळून ती थोडा वेळ आरपार दिसेल अशी केली होती. धुतल्यावर ती पूर्ववत झाली. पण ते त्वचेपुरतं आणि उंदरापुरतंच. मग उंदराची हाडं बघून माणसाला काय मिळतं, हेही त्यांनी विचारलंच. मी सांगितलं, की २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत याच मार्गानं उंदरांची अख्खी हाडं बघितली. हाड वाढवणाऱ्या एका औषधानं हाड बांधणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींची संख्या किती आणि कुठे वाढते, हे त्यांनी मोजलं. औषध काम करतं की नाही, हे चकतीतून अंदाजानं सांगण्यापेक्षा अख्खं हाड बघून सांगणं केव्हाही चांगलं.

आत्ती थोडा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे त्या उंदरांचं माझ्यावर देणं हाय म्हण की," त्या म्हणाल्या. त्या वर्षी गणपतीत त्यांनी पाच मोदक मूषकासमोर वेगळे ठेवले. मी काही बोलले नाही. उंदरांचं काम नीतिसमितीच्या नियमांनुसार चालतं, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण मोदक ठेवण्यात जे होतं, ते त्या नियमांच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याकडे मेट्रो आली. पहिल्याच आठवड्यात आत्ती काठी टेकत लिफ्टनं वर गेल्या आणि पिवळ्या लाइनवर इलेक्ट्रॉनिक सिटीपासून आर.व्ही. रोडपर्यंत जाऊन आल्या. खिडकीतून खाली बघून म्हणाल्या, "एवढ्या वरून पडलं तर उंदीर बी वाचायचा न्हाई." मी म्हटलं, "पडायचं नाही, आत्ती. तेच तर काम आहे आपलं."

आमच्या बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर लेकीची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीनं मांडलेली आहे. आठ वर्षांच्या आठ रेघा, एकीच्या वर एक. गेल्या पाडव्याला मी आत्तींना तिथं उभं केलं. टाचा चौकटीला, पाठ चौकटीला, डोक्यावर पुस्तक आडवं. एक रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली.

"माझी कशाला मापतीस? मी काय वाढणार हाय?"

"वाढायचं नाही. खाली यायचं नाही, एवढंच."

तुमच्याही घरात असं दार असेल आणि असं कुणीतरी असेल, ज्यांच्या साड्या हल्ली लांब वाटायला लागल्या आहेत, ज्यांना वरचा डबा काढायला कुणाला तरी हाक मारावी लागते. उंची तरुणपणापेक्षा दीड इंचाहून जास्त कमी झाली असेल, तर ते नुसतं वय नसतं, डॉक्टरांना सांगायची गोष्ट असते. त्यासाठी लेझर लागत नाही, दालचिनीच्या वासाचा द्रव लागत नाही. एक पेन्सिल पुरते.

दर सहा महिन्यांनी आम्ही आत्तींना त्या चौकटीपाशी उभं करतो. लेकीची रेघ दर वेळी वर सरकते. आत्तींची दुसरी रेघ पहिलीवरच आली. लेक म्हणाली, "अज्जी, तू पास झालीस." आत्तींनी मागं वळून दोन्ही रेघा नीट निरखल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेव आता. आज काय गोळीचा वार न्हाई."